नावाचा रकाना

सोमवार, ३ मार्च

नवी नोकरी, नवी जागा, नवी वही. ‘आज फार आनंद झाला’ वगैरे मी सहसा लिहीत नाही, पण आज झाला. नोंद करून ठेवते.

जागा दुसऱ्या मजल्यावर आहे. बाहेरची खोली माझी, आतली धाकटीची. आतल्या खोलीला मोठी खिडकी आहे आणि ती मी मुद्दाम तिच्यासाठी सोडली, हे तिला सांगणार नाही, डोक्यावर बसेल. ती पुढच्या गुरुवारी, तेरा तारखेला येणार. इथल्या कॉलेजात तिला प्रवेश मिळालाय. गेली दोन वर्षं मी जे जे केलं, ते हिला इथे आणून माझ्याजवळ ठेवायचं, एवढ्यासाठीच केलं. मी तिला टकळी म्हणते, कारण तिचं तोंड झोपेतही चालू असतं. तसं म्हणणारी मी एकटीच. ती मला ताई म्हणते, आणि चिडली की हवालदारीण. मी कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघते आणि चहात साखर घालताना चमचा बोटानं सपाट करून घालते, एवढ्यावरून.

नोकरी लॅपटॉप पुसायची. असं सांगितलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फडकं येतं, म्हणून नीट लिहिते. कचेऱ्या जुने लॅपटॉप काढून टाकतात. त्यांच्या हार्ड डिस्कवर पत्रं, फोटो, पासवर्ड, सगळं असतं. नुसतं डिलीट केलं किंवा फॉरमॅट मारला, तरी ते जात नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी आतली पानं राहतातच. आम्ही ती पानं पुसतो, म्हणजे डिस्कच्या प्रत्येक जागेवर दुसरंच काहीतरी लिहितो. मग नव्यानं फॉरमॅट, आणि नव्या माणसाच्या हातात.

रस्त्याला लागून दुकान, मागे कामाची खोली. माणसं तीन: साहेब, तपासणीच्या काकू आणि मी. मुलाखतीत साहेबांनी मला एकही तांत्रिक प्रश्न विचारला नव्हता. दहा ओळी लिहून दाखवायला सांगितल्या, कागद उजेडात धरून बघितला आणि म्हणाले की सोमवारपासून या. आज काकूंनीही माझं अक्षर बघितलं आणि म्हणाल्या की बाई गं, हे अक्षर आहे की छापखाना. नंतर माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

मंगळवार, ४ मार्च

काम समजलं. यंत्राला बारा खण आहेत. खणात डिस्क सरकवायची, किती फेऱ्या ते सांगायचं. यंत्र म्हातारं आहे, मोठ्या डिस्कच्या एका फेरीला जवळजवळ अख्खा दिवस घेतं. खरं तर एकच फेरी पुरते, पण इथे सात करतात. काकू म्हणाल्या की भांडं एकदा घासलं तरी निघतं, पण गिऱ्हाइकाला सातदा घासलेलं आवडतं, आपल्याला काय.

प्रत्येक डिस्कचा एक फॉर्म असतो. वर डिस्कचा नंबर, त्याखाली ‘मालकाचे नाव’ असा रकाना, मग ‘काय पुसायचे’, मग सात चौकोन. फेरी झाली की एका चौकोनात टिक. शेवटी पुसणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची सही. हे सगळं पेन्सिलीनं करतात, कारण काम संपलं की खोडरबरानं पुसून तोच फॉर्म परत वापरता येतो. मला हे पटत नाही. नोंद ती नोंद, पेनानंच करायची. माझं निळं पेन बघून काकू म्हणाल्या की दुकानात पेन शेवटचं कधी बघितलं आठवत नाही, काचेच्या कपाटात ठेवू या.

साहेबांचा नियम एकच: दुसऱ्याचं वाचायचं नाही. डिस्कवर काही दिसो, लॅपटॉपच्या पिशवीत चिठ्ठी सापडो, वही सापडो. बंद करायचं आणि बाजूला ठेवायचं. त्यांनी हे दोनदा सांगितलं. मला एकदाही सांगायची गरज नव्हती.

काकूंनी जाता जाता आणखी एक सांगितलं, की नावाचा रकाना भरायचा नाही, नुसता नंबर घालायचा. कारण विचारलं तर म्हणाल्या की पहिल्यापासून तसंच आहे. हे कारण झालं का? भरायचा नसेल तर रकाना छापला कशाला?

इथल्या माणसांना स्वतःचा जुना लॅपटॉप देऊन चांगला घेता येतो. माझा कॉलेजपासूनचा होता, तो दिला. त्यातलं सगळं मी आधीच दोन ठिकाणी उतरवून ठेवलंय. डिस्क पाचव्या खणात लावली, उद्यापासून सात फेऱ्या. फॉर्म भरला: वर नंबर; ‘मालकाचे नाव’ ह्या रकान्यात माझं संपूर्ण नाव, निळ्या पेनानं; ‘काय पुसायचे’ इथे ‘सर्व’. काकूंनी फॉर्म बघितला आणि पालथा घालून ठेवला. मला वाटलं, खजील झाल्या.

संध्याकाळी टकळीचा फोन. कॉलेजचा फॉर्म भरत होती आणि नेहमीप्रमाणे निम्मा रिकामा. तिला झापलं, की रकाना रिकामा ठेवायचा नसतो. जे विचारलंय ते लिहायचं, आणि नाव तर पेनानंच लिहायचं. ती म्हणाली की होय हवालदारीणबाई, आता सुटका करा. तिचाही लॅपटॉप धापा टाकतोय. म्हटलं, आलीस की दुकानात घेऊन ये, बदलून देते. पत्ता तिनं वहीत लिहून घेतला. तेवढ्यात तीन वेगळ्याच गोष्टी सांगून झाल्या.

बुधवार, ५ मार्च

पहिली फेरी पूर्ण. त्रुटी शून्य. पहिल्या चौकोनात टिक केली.

साहेबांना माझ्या पदवीची एक प्रत हवी होती, म्हणून कॉलेजात फोन केला. तिथल्या कारकुनानं माझा नंबर तीनदा विचारला आणि म्हणाला की ह्या नंबरवर कुणीच नाही, आधी आणि नंतर माणसं आहेत, मधली जागा रिकामी आहे. मी म्हटलं की नीट बघा. तो म्हणाला की बाई, रिकामं किती नीट बघू.

कारकून आहे. चुका करतात.

गुरुवार, ६ मार्च

दुसरी टिक.

आधीच्या नोकरीत जिच्याशेजारी तीन वर्षं बसले, तिला सहज निरोप पाठवला. उत्तर आलं: कोण आपण? मी म्हटलं, पुरे झाली गंमत. तर तिनं लिहिलं की तिच्या शेजारची खुर्ची पहिल्यापासून रिकामीच होती, आणि परत निरोप पाठवू नका.

एक कारकून, ही चूक. दोन दिवसांत दोन माणसं, ही चूक नव्हे. कुणीतरी माझ्या नावानं काहीतरी करतंय. त्यासाठी माझी माहिती हवी, आणि ती सगळी एकाच ठिकाणी होती: जी डिस्क मी आपल्या हातानं परक्या दुकानात ठेवून आले, तिच्यावर. पुसायला लागण्याआधी, मंगळवारी रात्री, कुणी नक्कल केली असेल का? दुकानात माझ्याखेरीज दोनच माणसं. साहेब यंत्राला हात लावत नाहीत.

मग राहिलं कोण?

शुक्रवार, ७ मार्च

शांतपणे तपास केला.

डिस्क किती वेळा चालू झाली, हा आकडा ती स्वतःच मोजत असते. लॅपटॉप देण्याआधी मी तो टिपून ठेवला होता, सवयीनं. आज बघितला. एकनं वाढलाय, म्हणजे यंत्रात मी लावली तेवढीच. स्क्रूच्या खाचा मी ज्या दिशेला ठेवल्या होत्या त्याच दिशेला आहेत. डिस्कला कुणी हात लावलेला नाही. माझं समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही.

काकूंवर लक्ष ठेवलंय. पाच दिवसांत त्यांचा फोन एकदाही वाजलेला नाही. त्या कुणाला करतही नाहीत. कुठे राहता विचारलं तर म्हणाल्या की इथेच जवळ. किती वर्षं इथे, तर बरीच. मुलंबाळं, तर हातातली पेन्सिल टोक करून झाली तरी फिरवत राहिल्या, आणि म्हणाल्या की चहा गार होतोय. त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणाला कुलूप आहे. पेन्सिली आणि खोडरबर सांभाळणाऱ्या बाईला कुलूप कशाला लागतं?

एक लक्षात आलं. काकूंचं अक्षर माझ्यापेक्षाही सुंदर आहे.

तिसरी टिक केली.

शनिवार, ८ मार्च

आज मी नियम मोडला. साहेब बाहेर गेले होते आणि काकू दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत होत्या. खणाची किल्ली त्यांच्या पेन्सिलीच्या डब्यात असते. उघडला.

मला वाटलं होतं, चोरलेल्या डिस्का सापडतील. सापडले चार फॉर्म आणि एक कानतुटका कप.

चारही फॉर्म पेनानं भरलेले. म्हणून पुसता आले नसणार, म्हणून ठेवले असणार. चार वेगवेगळी अक्षरं आणि चारही अशी नीटनेटकी, की रेघ सोडून एक काना खाली उतरलेला नाही. नंबर आहे. काय पुसायचे, सर्व. सात चौकोनांत सात टिका. पुसणाऱ्याच्या सहीची जागा कोरी, शेजारी तपासणाऱ्याची सही. आणि नावाचा रकानाही रिकामा.

इतक्या नीट फॉर्म भरणारी माणसं स्वतःचं नाव आणि सही तेवढी सोडतील? मी तरी सोडणार नाही. कागद तिरपा करून उजेडात धरला. पेनानं लिहिलं की कागदावर वळ उठतो, शाई गेली तरी तो राहतो. त्या रकान्यात वळ नव्हता. त्या जागी कागद बाकीच्या कागदापेक्षा गुळगुळीत होता. चारही फॉर्मांवर.

माझा फॉर्म काढून बघितला. माझं नाव आहे. निळं, ठळक. शेजारी चार टिका.

चौथी मी केली होती का? केली असेल.

रविवार, ९ मार्च

जिन्यात घरमालकीण भेटली. म्हणाली की कुणाकडे आलात. मी किल्ली दाखवली. ती किल्लीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिली.

घरी फोन लावला. आईनं उचलला. म्हटलं, आई, मी. ती म्हणाली की कोण मी. मी नाव सांगितलं. आईचा आवाज मला पाठ आहे. रागावली, रुसली, थकली, तरी मला लगेच कळतं. हा त्यातला कुठलाच नव्हता. दारात आलेल्या परक्या मुलीशी बोलावं तशी ती अगदी गोड बोलली. म्हणाली की चुकून लागला वाटतं, बाळा. काही हरकत नाही.

मागून टकळीचा आवाज आला. तिनं फोन ओढून घेतला. तिला मी आठवतेय! ती रडत होती. म्हणाली की ताई, आईला काय झालंय बघ ना, सकाळपासून म्हणतेय की तिला एकच मुलगी. डॉक्टरांना दाखवायचं का? मी म्हटलं की दाखवू, मी बघते, तू घाबरू नकोस. दहा मिनिटं तिला धीर देत होते. फोन ठेवल्यावर वही उघडून क्रम मांडला.

आधी कॉलेज, मग नोकरी. मग कोण, ते मी बघितलंच नाही. मग आई. बाहेरून आत येतंय. रोज एक फेरी.

हे वाक्य मी लिहिलं आहे. मला त्याचा पुरावा नाही.

सोमवार, १० मार्च

दुकान उघडल्या उघडल्या पाचव्या खणातून डिस्क ओढून काढली. रविवारी यंत्र बंद असतं, म्हणून पाचवी फेरी नुकती सुरू झाली होती. डिस्क पिशवीत घातली आणि चारी फॉर्म काकूंच्या पुढ्यात टाकले.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या की मी सगळ्यांना सांगते, नाव घालू नका, नुसता नंबर घाला. नीटनेटक्या मुली ऐकतच नाहीत, त्यांना रकाना रिकामा बघवत नाही. नुसता नंबर घातला की यंत्र डिस्क पुसतं. नाव घातलं की जे लिहिलंय ते पुसतं. मी विचारलं की अशा किती मुली. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला, अगदी मनापासून. कपाळावर आठ्या पडल्या. मग म्हणाल्या की फॉर्म चार आहेत तर चार असतील. त्यातला एक माझाच असावा, अक्षर जुळतं. कपही बहुतेक माझाच, पण खात्री नाही.

मी विचारलं, तुमचं नाव काय. म्हणाल्या की काकू.

साहेबांना हे माहीत आहे का, विचारलं. तर म्हणाल्या की साहेबांना नीट अक्षराची माणसं लागतात. आणि अशी माणसं, की ज्यांना घरून फोन येत नाहीत, रजा लागत नाही. आणि हसल्या, जशा दुसऱ्या दिवशी माझ्या पेनाला हसल्या होत्या.

ही बाई वेडी आहे, किंवा मला वेडी ठरवतेय. दोन्हींपैकी काहीही असलं तरी डिस्क आता माझ्याकडे आहे.

संध्याकाळी टकळीशी बोलले. बोलत होती, पण मधे मधे थांबत होती. टकळी, आणि थांबते! एकदा मला ‘तुम्ही’ म्हणाली. मग म्हणाली की सॉरी ताई, झोप झाली नाही.

मंगळवार, ११ मार्च

डिस्क पिशवीत आहे. सकाळी दोनदा बघितली.

पाचवा खण रिकामा. पाचव्या खणाचा दिवा मात्र लागलेला. यंत्राची नोंद वाचली: खण ५, फेरी पाच पूर्ण, त्रुटी शून्य. फेरी सहा चालू. रिकाम्या खणात.

फॉर्मवर पाचवी टिक आहे. निळी. निळं पेन फक्त माझ्याकडे आहे, आणि ते काल मी घरी नेलं होतं.

म्हणजे डिस्कचा प्रश्न नाही. फॉर्मचा आहे. नावाचा. मग नाव काढून टाकायचं, सोपं आहे. मी ते खोडलं. एक रेघ, दुसरी, तिसरी, कागद फाटेपर्यंत. हातानं खोडलं आणि तेव्हाच कळलं, की आपण काय केलं. पुसायचं काम होतं. मी मदत केली.

दुपारी टकळीला आमचा तिघींचा फोटो पाठवला. आई, ती, मी. माझ्याकडे सगळं शाबूत आहे, दोन्ही ठिकाणी, एक फाइल इकडची तिकडे नाही. तिचं उत्तर आलं: फोटो छान आहे, पण आमच्याबरोबर ही कोण आहे?

फोन केला. तिनं उचलला, हसतखेळत बोलली, कुणाशीही बोलते तशी. मी विचारलं, इकडे येणार आहेस ना. म्हणाली की हो, गुरुवारी, दोन खोल्या घेतल्यात, एकटीला दोन कशाला घेतल्या देव जाणे. आणि लॅपटॉप बदलायचाय, वहीत एका दुकानाचा पत्ता आहे, कुणी दिला आठवत नाही. तिथूनच बोलताय का तुम्ही?

मी म्हटलं की त्या दुकानात जाऊ नकोस. तिनं कारण विचारलं. सांगायला लागले. पहिल्याच वाक्याला माझं मलाच कसंतरी वाटलं. ती म्हणाली की तुम्हाला माझा नंबर कुणी दिला, आणि फोन ठेवला. परत लावला. लागत नाही. आईचाही लागत नाही.

माझी आठवण राहिली नाही तर नाही. पण ती इथे येणार. फॉर्म भरणार. आणि रकाना रिकामा ठेवायचा नसतो, हे तिला मी शिकवलं.

बुधवार, १२ मार्च

सहा टिका. शेवटची फेरी चालू. दिवा लागलाय.

सकाळी सहीचा सराव करायला बसले. माझी सही — पहिलं अक्षर — हात तिथपर्यंत जातो आणि पुढे कागद गुळगुळीत —

ओळखपत्र बघितलं. फोटो आहे. फोटोखाली जागा आहे.

फॉर्मचं अख्खं बाड फाडलं. साहेबांच्या देखत. रागावले नाहीत. कपाटातून दुसरं काढलं. म्हणाले की पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच जड जातं, उद्या बरं वाटेल.

निघून जावं. कुठे? स्टेशनवर जाऊन तिला अडवावं. पण उद्या कुणाला अडवायचं ते मला —

काकूंनी डोक्यावरून हात फिरवला. त्यांचा हात गार नव्हता. ते जास्त वाईट. म्हणाल्या की शेवटी दुखत नाही गं, नवी.

लिहून ठेवते. दाबून लिहिते. ही वही उद्या माझ्याच हातात येईल. वाच. जी कोणी असशील ती, वाच.

तुला एक बहीण आहे.

टकळी आली की तिला नाव लिहू देऊ नकोस.

टकळी आली की तिला नाव लिहू देऊ नकोस. पेन देऊ नकोस.

टकळी आली की

गुरुवार, १३ मार्च

आज पहिला दिवस. जागा छान आहे, उजेड भरपूर. तपासणीला एक काकू आहेत, त्यांनी टेबल दाखवलं. त्या मला नवी म्हणतात. चालेल.

टेबलाच्या खणात ही वही आणि एक निळं पेन होतं. सुरुवातीची पानं कुणीतरी भरलेली आहेत, अक्षर नीटनेटकं आहे. वाचली नाहीत. दुसऱ्याचं वाचायचं नाही. हे मला कुणी सांगितलं ते आठवत नाही, पण पटतं. कोरं पान काढलं.

पान तसं कोरं आहे, पण खडबडीत. मागच्या पानावर कुणीतरी फार दाबून लिहिलंय, त्याचे वळ इथवर आलेत. पेन अडखळतं.

काम आवडलं. पाचवा खण सकाळी मोकळा झाला, तो मी पुसून घेतला.

आत्ता एक मुलगी आली आहे, लॅपटॉप बदलायला. फॉर्म भरतेय. भरता भरता बोलतेय, बोलता बोलता भरतेय. आज सकाळीच ह्या गावात आली. आतल्या खोलीला म्हणे मोठी खिडकी आहे. बाहेरची खोली कशाला घेतली तिलाच कळत नाही. तिथे कुणाची तरी चादर आहे, नीट घडी घातलेली.

तिला चहा दिला. साखर घालताना चमचा सपाट केला, तशी तिनं वाक्य अर्धंच सोडलं. चमच्याकडे बघत राहिली. म्हणाली की असा चमचा कुणीतरी — आणि पुढचं तिला सापडेना.

काकूंनी सांगितलं की नावाचा रकाना सोड, नुसता नंबर घाल. ती म्हणाली की छे, रकाना रिकामा ठेवायचा नसतो. कुणी शिकवलं गं, काकूंनी विचारलं. तिला आठवत नाही. नाव पेन्सिलीनं लिहायचं नसतं, हेही तिला पक्कं माहीत आहे. पेन मागतेय. दुकानात पेन एकच आहे, हे.

थांब म्हटलं, ओळ पुरी करते.

वही तिरपी केली की वळ वाचता येतात. वाचायचं नसतं. एकच शब्द बघितला. टकळी.

मोठ्यानं वाचला गेला. ती दचकली. म्हणाली की हे तुम्हाला कुणी सांगितलं, मला असं कुणीतरी म्हणायचं, घरी, कोण ते —

वळ पुढे आहेत. आली की तिला — हे अक्षर माझंच — तिला नाव —

तिनं हात पुढे केलाय. पेनाचं दुसरं टोक धरलंय. हसतेय, डोळ्यांत पाणी आहे, सोड ना ताई, म्हणतेय, आणि मी